विषय: टुऑलमी कॅम्प (योसेमिटी नॅशनल पार्क) – मोठा टोप लॉकरमध्ये बसत नाही

मकरंद, सोमवार, रात्री 11:08

मंडळी,

टोपाचं काय ते ठरवा. आज गराजमध्ये टेप लावून मोजला. झाकणासकट 19 इंच उंच, आडवा घातला तर 20. अस्वलाच्या लॉकरचं (अस्वलापासून खाणं कोंडून ठेवायची साइटवरची पेटी) पार्कवाल्यांनी दिलेलं माप 33 खोल, 45 रुंद, 18 उंच. एखाद्या साइटवर मोठा लॉकर मिळेलही, पण त्या भरवशावर मी 17 माणसांची आमटी घेऊन जाणार नाही.

गाडीत ठेवू म्हणणाऱ्यांसाठी: योसेमिटीत खाण्याचं सामान गाडीत फक्त दिवसा चालतं, तेही काचा बंद आणि बाहेरून दिसणार नाही असं. अंधार पडला की सगळं लॉकरमध्ये. दंड 5000 डॉलरपर्यंत आहे आणि बुकिंग माझ्या नावावर आहे.

शनिवारी कॅथीड्रल शिखर चढायला जाणारे सहाजण पहाटे 5 ला निघणार. त्यांचा नाश्ता वेगळा. पोहे. उपमा नको, गेल्या वेळचा अजून आठवतोय.

मकरंद

सुनीताताई, मंगळवार, सकाळी 6:51

मकरंद,

मोठा टोप गणपतीचा आहे. तो तुझ्या गराजमध्ये कसा, हा माझा पहिला प्रश्न. मंडळाच्या भांडाराच्या वहीत नोंद नाही. पाडव्यानंतर मी स्वतः घासून, पुसून, वर्तमानपत्र भरून ठेवला होता.

लाकडाच्या चुलीवर तो चढवायचा नाही हे आत्ताच सांगते. पिकनिकला नेलेली डेगची परत आली तेव्हा तिचं बूड कोळशासारखं होतं. मी आणि माझ्या जाऊबाई दोन दिवस चिंच लावून बसलो होतो. आणि लांब दांड्याचा झारा अजून आलेला नाही. कोणाकडे आहे ते ज्याचं त्याला माहीत आहे.

उपमा मीच केला होता.

सुनीता

निखिल, मंगळवार, सकाळी 9:20

टोप न्यायचाच कशाला? टुऑलमी 8600 फुटांवर आहे. तिथे पाणी साधारण 91 अंशांनाच उकळतं. उघड्या टोपात तूरडाळ लावलीत तर ती रविवारपर्यंत नुसती खदखदत राहील, राजम्याचं तर नावच नको. प्रत्येक साइटवर एक पाच लिटरचा कुकर न्या. कुकर बाहेरच्या हवेच्या दाबावर आपला दाब चढवतो, म्हणून आत 116 अंशांच्या आसपास मिळतात. घरी 121 मिळतात. म्हणजे दोन शिट्ट्या जास्त, विषय संपला.

तीन कुकर तीन लॉकरमध्ये आरामात बसतात. 33 गुणिले 45 गुणिले 18 म्हणजे जवळजवळ 438 लिटर, आपल्या घरातल्या फ्रीजएवढी जागा झाली. जागेचा प्रश्नच नाही, आकाराचा आहे.

रेणुका, मंगळवार, सकाळी 9:34

निखिल, रात्री 10 ते सकाळी 6 शांततेची वेळ असते. पहाटे साडेचारला तुझ्या जास्तीच्या दोन शिट्ट्या वाजल्या तर अस्वलाआधी शेजारच्या तंबूतले येतील.

निखिल, मंगळवार, सकाळी 9:36

पोह्यांना शिट्टी लागत नाही.

शिरीष (कोषाध्यक्ष), मंगळवार, दुपारी 12:15

कुकर विकत घेण्याचा प्रस्ताव असेल तर तो आधी समितीपुढे आला पाहिजे. गिर्यारोहण गटाचं बजेट चढाईच्या दोन नव्या दोरांमध्ये संपलेलं आहे. झाऱ्याचे पैसे मी स्वतःच्या खिशातून भरायला तयार आहे, पण तो माझ्याकडे नाही.

संदीप, मंगळवार, दुपारी 1:02

नमस्कार, आम्हालाही यायला आवडेल. आम्ही दोघं आणि बाळ. बाळ सात महिन्यांचं आहे, ते धरायचं नाही ना? आम्ही चढणार नाही, फक्त कुरणात बसू.

मकरंद, मंगळवार, दुपारी 1:10

बाळ धरतात. एका साइटवर सहा डोकी, मुलांसकट, आणि दोन गाड्या. तीन साइट म्हणजे 18. आम्ही 17 आहोत. एकच जागा आहे, तुमच्यापैकी कोण येणार ते आपसात ठरवा. (चेष्टा करतोय. कोणी गळालं तर लगेच कळवतो.)

बाकीच्यांनी टोपावर बोला.

अभयकाका, मंगळवार, संध्याकाळी 5:47

मंडळी, टोप-कुकर चालू द्या. मला त्या पहाटे 5 बद्दल बोलायचं आहे.

आम्ही लिंगाण्याला जायचो तेव्हा सामान म्हणजे एक भगुलं, पिठल्याचं पीठ आणि खालच्या वाडीतल्या मावशींनी दिलेल्या भाकऱ्या. रात्री भगुलं उशाशी घेऊन झोपायचो, माकडांपासून. असो. आपल्या सह्याद्रीतला बसाल्ट आणि हा ग्रॅनाइट यांत जमीन-अस्मान आहे. तिकडे हाताला लागेल तो दगड आधी ठोकून बघायचा, गवताचा झुबका धरायचा नाही, वरून काय येईल सांगता यायचं नाही. इकडे डोमवर, म्हणजे घुमटासारख्या डोंगरावर, हिमनदीने घासून काढलेला दगड, कपडे धुवायच्या दगडासारखा गुळगुळीत. धरायला काही नाही. पायावर विश्वास ठेवून उभं राहायचं. लेंबर्ट डोमच्या स्लॅबवर पहिल्यांदा गेलो तेव्हा वीस वर्षांचा अनुभव खिशात असून माझे पाय शिवणयंत्रासारखे थडथडत होते. खालून माझा दोर सांभाळणारी पंचविशीतली पोरगी म्हणाली, काका, टाचा खाली करा. केल्या. थांबले.

कॅथीड्रलची आग्नेय धार चढाईच्या श्रेणीत 5.6, म्हणजे सोपी मानतात. 1869 साली जॉन म्यूर एकटाच, दोराशिवाय माथ्यावर गेला होता. म्हणून कोणी हलक्यात घेऊ नका. माथा 10,900 फुटांच्या वर आहे, समुद्रसपाटीवरून शुक्रवारी संध्याकाळी येऊन शनिवारी पहाटे चढायला लागलात तर डोकं धरणार. आणि दुपारी ढग भरून येतात. विजा सुरू झाल्या की त्या सुळक्यावर तुम्हीच सगळ्यांत उंच. पहाटे 5 सुद्धा उशीर आहे. लोकप्रिय वाट आहे, पुढे दोर लावून चढणाऱ्या दोन जोड्या असल्या की पहिल्याच टप्प्याखाली दोन तास बसाल. माझं मत: शनिवारी लेंबर्ट, रविवारी कॅथीड्रल, 4 ला निघायचं.

अभय

मकरंद, मंगळवार, संध्याकाळी 6:30

काका, रविवारी 4 ला निघून परत येऊन तंबू कोण आवरणार? चेकआउट आहे.

अभयकाका, मंगळवार, संध्याकाळी 6:41

जे चढणार नाहीत ते.

रेणुका, मंगळवार, संध्याकाळी 6:44

जे चढणार नाहीत त्यांनी हे वाचलं आहे.

सुनीताताई, मंगळवार, रात्री 8:05

तंबूवरून भांडू नका. सगळ्यांनी एकत्र जेवायचं, पंगतीने, हीच तर मंडळाच्या कॅम्पची मजा आहे. तीन साइटवर तीन कुकर म्हणजे तीन चुली मांडणं. मग घरीच बसा. मी टोप द्यायला तयार आहे, पण तो गॅसच्या शेगडीवरच चढेल आणि वहीत सही होईल. भात टोपात, डाळ कुकरमध्ये. निखिलचं ते 91 अंश मला पटलं. एकदा डोंगरात केलेला भात वरून गिच्च आणि आत कणी राहिला होता, तेव्हा सगळे तांदळाला नावं ठेवत होते.

निखिल, मंगळवार, रात्री 8:11

धन्यवाद ताई. भात आधी अर्धा तास भिजवा.

सुनीताताई, मंगळवार, रात्री 8:13

मला शिकवू नकोस.

रेणुका, मंगळवार, रात्री 9:26

लॉकरमध्ये काय काय जातं हे नव्यांना कोणीतरी नीट सांगा, कारण गेल्या वेळी रात्री दोनला रेंजरने आमच्या तंबूवर टकटक केली होती ती आमच्याच चुकीने. टॉर्चच्या उजेडात त्याने गाडीच्या मागच्या सीटवर बोट दाखवलं. मुलीच्या कारसीटखाली बेसनाच्या लाडवांची पिशवी, तुपाने पारदर्शक झालेली. मी म्हटलं, बंद आहे की. तो काही बोलला नाही, फक्त दाराच्या वरच्या फटीत चार बोटं घालून खाली ओढल्याचा अभिनय केला. अस्वलं दार असंच सोलतात म्हणे. मी मध्यरात्री पायजम्यावर ती पिशवी घेऊन लॉकरपर्यंत गेले. सोडून दिलं त्याने, पण सकाळपर्यंत डोळा लागला नाही.

तर: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, मुलांचे ओले वाइप्स, पाण्याखेरीज सगळ्या बाटल्या, कचरा. हिंगाची डबी तर पहिली.

शिरीष (कोषाध्यक्ष), मंगळवार, रात्री 9:40

हिंग अस्वलाला आवडत असेल असं वाटत नाही. आमच्या कोकणात साप येऊ नये म्हणून हिंग टाकतात.

सुनीताताई, मंगळवार, रात्री 9:52

आमच्याकडेही टाकायचे, साप यायचेच.

मेघना, बुधवार, सकाळी 7:30

मी या लिस्टवर सहसा लिहीत नाही. कालपासूनची सगळी पत्रं वाचली आणि मग पार्कचा नियम उघडून वाचला. लॉकरमध्ये ठेवायच्या गोष्टींत स्वयंपाकाची आणि जेवणाची *न धुतलेली* भांडी आहेत. धुतलेली नाहीत. म्हणजे टोप स्वच्छ घासला तर तो बाहेर राहिला तरी चालतो. टोपाचं भांडण तिथेच मिटतं.

पण त्याच यादीत आइस चेस्ट आहे, आणि तो *रिकामा असला तरी* लॉकरमध्येच, असं स्पष्ट लिहिलंय. मंडळाचा तो चाकांचा निळा कूलर कोणी मोजला आहे का?

सुनीताताई, बुधवार, सकाळी 7:48

शाबास. रात्री टोप मी घासेन. खरकटं गाळून कचऱ्यात, कचरा अस्वलाच्या डब्यात. अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची, मग कोणी चढून उशिरा आलं तर त्याला गार मिळेल.

मकरंद, बुधवार, सकाळी 8:15

मेघना, थँक्स. हे सोमवारीच लिहायचं होतंस.

आत्ताच मोजला. चाकांसकट 18 आणि पाव.

निखिल, बुधवार, सकाळी 8:17

झाकण काढून?

मकरंद, बुधवार, सकाळी 8:19

झाकण काढलेला कूलर म्हणजे काय रे? रुंदीला 35 आहे, त्यामुळे उभाही करता येत नाही. कोणाकडे दोन छोटे असतील तर सांगा. दही, पनीर आणि मुलांचं दूध एवढंच गार ठेवायचंय. बिअर नदीत.

अभयकाका, बुधवार, सकाळी 8:31

बिअरच्या बाटल्याही लॉकरमध्येच. रेणुकाने लिहिलंय वर.

चाकं स्क्रूची आहेत की रिव्हेटची?

मकरंद, बुधवार, सकाळी 8:40

स्क्रूची. संध्याकाळी काढून बघतो.

सुनीताताई, बुधवार, सकाळी 8:44

कूलरसुद्धा भांडारातलाच आहे. वहीत त्याचीही नोंद नाही.