मदत हवी आहे: आयबीएसच्या ट्रायलसाठी विचारलंय, सही करण्याआधी काय पाहावं? (इंदूर)

रामबागकर:
धाकट्या भावाला (वय 34) जुलाबाच्या प्रकारचा आयबीएस (तपासण्या नॉर्मल असूनही पोट दुखणं आणि शौच बिघडणं, हा आतड्यांचा जुना त्रास) आहे. कोलोनोस्कोपी, रक्त, थायरॉइड, सगळं नॉर्मल. त्याच्या पोटाच्या डॉक्टरांकडे एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, त्यासाठी विचारणा झालीय. आधी 2 आठवडे नुसती डायरी, मग 12 आठवडे गोळ्या. हिंदीत 16 पानी फॉर्म दिलाय, सही मंगळवारी. ट्रायल खरी आहे हे कसं कळेल? नुसती साखरेची (औषध नसलेली) गोळी मिळाली तर? काही झालं तर खर्च कोणाचा? आणि रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकचा 14 दिवसांचा कोर्स संपून तीनच आठवडे झालेत, ते चालेल का?

जिरावण:
ट्रायलच्या कोऑर्डिनेटरकडून सीटीआरआय क्रमांक मागा. सीटीआरआय म्हणजे देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही. 2009च्या जूनपासून तिथे नोंद सक्तीची आहे आणि पाहायला पैसे लागत नाहीत. हल्लीच्या क्रमांकात वर्ष, महिना आणि मग सहा आकडे असतात. नोंद उघडलीत की चार गोष्टी पाहा. ट्रायलमध्ये रुग्ण घेणं चालू आहे का. केंद्रांच्या यादीत इंदूरचं हेच हॉस्पिटल आणि हेच डॉक्टर आहेत का. एथिक्स कमिटीची (रुग्णांची सुरक्षितता आणि हक्क पाहणारी समिती) मंजुरी याच केंद्रासाठी आहे का (मुंबईच्या केंद्राची मंजुरी इथे कामाची नाही). आणि नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेतल्याच्या आधीची आहे का. एप्रिल 2018पासून मागाहून नोंदणी करताच येत नाही, तेव्हा तारखा उलट्या दिसल्या तर सरळ विचारा.

क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, किंवा ट्रायलच्या गोळीचे वा तपासण्यांचे पैसे मागितले, तर तिथेच थांबा. येण्याजाण्याचा खर्च उलट तेच देतात. किती, ते फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं.

मंगळवारची घाई कशाला? फॉर्म घरी आणून वाचायचा हक्क आहे. सही झाल्यावर तुमची प्रत मागून घ्या. ‘मागाहून देतो’ यावर परत येऊ नका.

तोपखाना_कट्टा:
खर्चाचं बोलतो. ट्रायल्सच्या 2019च्या सरकारी नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार फुकट, गरज असेपर्यंत किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत. संबंध ठरला तर भरपाई वेगळी. गंभीर त्रास झाला (हॉस्पिटलात दाखल व्हावं लागणं यात येतंच) तर ट्रायलच्या डॉक्टरांनी 24 तासांत तो वर कळवायचा असतो, म्हणून भावानं ट्रायलच्या डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर मोबाइलमध्ये ठेवावा. फॉर्मवर दोन्ही असतात. दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर फॉर्मचं पहिलं पान सोबत न्यावं, तिथल्या डॉक्टरला कळायला हवं की पोटात नेमकं काय असू शकतं.

इंदूरकरांना हे नवं नाही म्हणा. ट्रायल्सच्या गैरप्रकारांवर सर्वोच्च न्यायालयात गेलेला स्वास्थ्य अधिकार मंच आपल्याच गावचा. त्या प्रकरणात 2013मध्ये संमतीच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचा आदेश झाला. आता ते फक्त नव्या रेणूच्या औषधाच्या ट्रायलमधल्या दुर्बल गटातल्या रुग्णांसाठी आहे, त्यामुळे भावाच्या वेळी कॅमेरा नसला म्हणून ट्रायल खोटी ठरत नाही.

पोटोबा_एम्पी:
आता खरी अडचण: रिफॅक्सिमिन. बहुतेक आयबीएस ट्रायल्समध्ये अँटिबायोटिकनंतर किमान 4 आठवडे, कुठे 3 महिने, थांबायला सांगतात. फॉर्ममधल्या ‘एक्सक्लूजन क्रायटेरिया’ मध्ये (कोणाला घेत नाहीत ती यादी) नेमका आकडा असेल. कोर्स झाल्याचं लपवू नका. औषधाचा परिणाम आठवडे टिकतो, मग डायरीत त्रास कमी दिसतो आणि भाऊ निकषात बसतच नाही. उलट वाट पाहून पुन्हा तपासणीला जाता येतं. प्रोबायोटिक, चूर्ण, इसबगोल, लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) हेही सांगा.

डायरीचे 2 आठवडे लोक हलक्यात घेतात, आणि तिथेच बाद होतात. रोज दोन आकडे: पोटदुखी 0 ते 10, त्या दिवसातली सगळ्यात वाईट, आणि शौचाचा प्रकार ब्रिस्टल तक्त्यावर 1 ते 7 (1 म्हणजे लेंड्या, 7 म्हणजे पाणी). अशा ट्रायल्समध्ये साधारण सरासरी दुखणं 3 किंवा जास्त आणि आठवड्यात 2 दिवस तरी 6-7 लागतो. पुढे ‘फरक पडला’ म्हणजे दुखणं 30 टक्के कमी: सरासरी 6 असेल तर 4.2. आकडा अंदाजे फुगवला तर मोजणीच बिघडते. भेटीच्या आदल्या रात्री सगळा आठवडा भरला तर मोबाइल डायरीत वेळ दिसते. रात्री झोपताना, रोज.

या काळात खाणं बदलायचं नाही. सकाळी पोहे-शेव, वर जिरावण मसाला (हो, आमच्या वरच्या सभासदाचंच नाव) खात असेल तर तेच खावं. डायरी सुरू झाल्यावर अचानक दूध-कांदा बंद केलं की बरं वाटतं आणि श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही.

साखरेच्या गोळीचं: आयबीएसच्या ट्रायल्समध्ये नकली गोळीवरही शंभरात तीस-चाळीस जणांना बरं वाटतं, म्हणूनच तो गट ठेवतात. कोणाला काय, हे डॉक्टरलाही माहीत नसतं. विचारायचं ते वेगळंच: दुखणं वाढलं तर कोणती औषधं घेता येतील? आणि 12 आठवड्यांनंतर खरी गोळी मिळणार का? बहुधा नाही. कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीचा उपचार थांबत नाही.

रामबागकर:
फॉर्मच्या 9व्या पानावर सापडलं: अँटिबायोटिकनंतर 8 आठवडे. म्हणजे अजून पाच. शौचाचा नमुना द्यायचाय, घरी भारतीय संडास आहे. कसं करायचं?

पोटोबा_एम्पी:
भांड्यावर आडव्या लावायच्या कागदी पट्ट्या किटमध्ये नसतील तर रुंद डिस्पोजेबल डबा खाली ठेवावा. पाणी आणि लघवी लागता कामा नये, म्हणून लघवी आधी उरकावी. पाण्यात पडलेलं उचलू नये. चमच्यानं दोन-तीन जागांहून घेऊन रेषेपर्यंत भरा. कॅल्प्रोटेक्टिनच्या (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) तपासणीचा डबा कोरडा असतो, फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही. जीवाणूंच्या तपासणीच्या नळीत नमुना टिकवणारा द्रव असतो, तो सांडू नये, झाकण लावून नीट हलवावी. लेबलवर तारखेबरोबर वेळही लिहा. आणि नमुना देण्याआधी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखं दुखण्यावरचं औषध घेतलं असेल तर सांगा, त्यानं कॅल्प्रोटेक्टिन वाढलेलं दिसतं.