नेटवर्कचा नकाशाच चुकीचा असेल तर एआय काय करणार?

रूटकॉज

टेलिकॉम कंपन्यांच्या ओएसएसमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवरून त्या आपलं नेटवर्क बघतात आणि चालवतात त्यात, सध्या सगळा पैसा एआयकडे वळतोय. टेलिकॉम उद्योगाची संघटना असलेल्या टीएम फोरमने स्वयंचलित नेटवर्कच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आखून दिल्यात आणि जो तो 'आम्ही चौथीवर पोचलो' हे सांगायच्या घाईत आहे. टेक महिंद्रा, ॲमडॉक्स वगैरेंमुळे पुण्यातल्या बऱ्याच जणांचं पोट ह्याच धंद्यावर आहे, त्यामुळे इथे वाद घालायला माणसं कमी पडणार नाहीत.

माझं मत: येती दोन वर्षं एआयला हात लावू नका. तो पैसा इन्व्हेंटरीवर, म्हणजे नेटवर्कमध्ये काय कुठे आहे आणि कशाला जोडलंय ह्याच्या नोंदींवर, लावा.

एक फायबर तुटली की तिच्या पलीकडच्या प्रत्येक साइटचा, प्रत्येक लिंकचा अलार्म येतो. नॉकच्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षाच्या, स्क्रीनवर शेकडो लाल ओळी. त्यातून मूळ बिघाड कुठला आणि त्याच्यामुळे पडलेले बाकीचे कुठले, हे सांगायला सॉफ्टवेअरला कोण कोणामागे जोडलंय ते ठाऊक लागतं. ती माहिती येते इन्व्हेंटरीतून. तिथे एखादी साइट अजून जुन्याच रिंगवर (फायबरच्या वर्तुळावर) दाखवली असेल, तर अलार्म एकमेकांशी जुळवणारा साधा कोरिलेशनचा नियमही चुकतो आणि महागडं मॉडेलही चुकतं. फरक इतकाच की मॉडेल चुकताना सोबत तीन परिच्छेदांचं स्पष्टीकरण देतं.

यांगवाली

साफ असहमत. 'आधी डेटा स्वच्छ करू, मग पुढचं बघू' हे टेलिकॉममधलं सगळ्यात महाग वाक्य आहे. असे प्रकल्प मी आतून पाहिलेत. कन्सल्टंट येतात, एक्सेल गोळा होतात, वर्षभर जुळवाजुळव चालते, आणि काम संपतं तोवर खालचं नेटवर्क बदललेलं असतं. मग नवा प्रकल्प.

नेटवर्कची खरी अवस्था नेटवर्कलाच विचारा ना. राउटरला एलएलडीपी ह्या प्रोटोकॉलने शेजारची उपकरणं कळतात, नेटकॉन्फ ह्या प्रोटोकॉलने त्याचं कॉन्फिगरेशन वाचता येतं. २००२ साली ऑपरेटरांची आणि प्रोटोकॉल बनवणाऱ्यांची एक कार्यशाळा झाली होती, इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ३५३५ मध्ये तिचा वृत्तांत आहे. ऑपरेटरांनी तेव्हाच सांगितलं होतं की एसएनएमपी हा जुना प्रोटोकॉल आम्ही देखरेखीला वापरतो, कॉन्फिग मात्र कमांड लाइनवरूनच करतो. आम्हाला कॉन्फिग आणि चालू स्थिती वेगळी दिसू द्या, अनेक उपकरणांवर एकदम बदल करून तो तसाच मागे घेता येऊ द्या. त्यातून २००६ मध्ये नेटकॉन्फ आलं, २०१० मध्ये यांग, म्हणजे कॉन्फिगचा साचा लिहायची भाषा. आणि आजही कित्येक ठिकाणी रात्री दोनच्या मेंटेनन्स विंडोमध्ये कोणीतरी नोटपॅडमधून कमांड चिकटवत बसलेलं असतं. सुधारायचं तर हे सुधारा.

रूटकॉज

@यांगवाली, एलएलडीपी तुम्हाला सांगेल की ह्या राउटरचं तीन नंबरचं पोर्ट त्या राउटरच्या सात नंबरला जोडलंय. मधली फायबर कुठल्या डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून), कुठल्या चेंबरमधून, कुठल्या रस्त्याखालून जाते हे सांगणारा प्रोटोकॉल अजून निघालेला नाही. काच बोलत नाही.

आणि मोठा घोळ नेमका तिथेच होतो. स्क्रीनवर दोन वेगळ्या लिंक दिसतात, एक मुख्य, एक पर्यायी. डिझाइनवाल्यांनी छातीठोक सांगितलेलं असतं की एक गेली तरी दुसरी आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच चरातून गेलेल्या. जेसीबीचा एक फावडा आणि दोन्ही साफ. सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं, तेव्हाच देशात वर्षाला सुमारे १० लाख फायबर कट होतात आणि ३,००० कोटींचं नुकसान होतं असं सांगितलं होतं. त्या आकड्यापुढे तुमचं नेटकॉन्फ काय करणार?

खड्डाखबर

मी ऑफिसातला नाही, फायबरच्या गाडीवरचा आहे. साहेब लोक बोलतायत म्हणून थोडं सांगतो.

ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून कट किती लांब ते मोजणारं मशीन) लावला की तो सांगतो, ११ किलोमीटर ४०० मीटरवर कट. हे अंतर काचेच्या आतलं. रस्त्यावरचं नाही. चेंबरागणिक वीस-तीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते, जुन्या जोडांपाशी अजून जास्त. ड्रॉइंगवर हे गुंडाळे लिहिलेले असतील तर आम्ही नीट जागेवर जातो. नसतील तर अर्धा किलोमीटर मागे-पुढे चेंबरची झाकणं उघडत फिरतो. महामार्गाचं रुंदीकरण झालं की केबल सरकते आणि ड्रॉइंग आहे तिथेच राहतं. मग एखादा जुना माणूस लागतो, ज्याला आठवतं की ही केबल पुलाच्या डाव्या अंगाने गेलीय. तो निवृत्त झाला की त्या रूटचं कोणालाच काही माहीत नाही.

नॉकवरून दर दहा मिनिटांनी फोन येतो, 'ईटीआर काय?', म्हणजे लाइन कधी सुरू होणार. तो फोन बंद करणारं सॉफ्टवेअर काढा, बक्षीस देऊ.

नॉकची रात्रपाळी

@खड्डाखबर दादा, तो फोन मीच करते :) आणि मला वरून दर पाच मिनिटांनी येतो.

अजून एक गोष्ट कोणी काढली नाही. आपल्याकडे टॉवर एका कंपनीचा आणि त्यावरचा रेडिओ दुसऱ्या कंपनीचा असतो. वीज, बॅटरी, डीजी (डिझेल जनरेटर) हे टॉवरवाल्याचं. त्याचे अलार्म त्याच्या नॉकला. माझ्या स्क्रीनवर नुसतं 'साइट डाउन'. वीज गेलीय, बॅटरी चोरीला गेलीय की आमचंच कार्ड बसलंय, हे कळायला मी टॉवरवाल्यांच्या नॉकला फोन लावते. दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी धड बोलली तरी माझ्या रात्रीतला बराच वेळ वाचेल. त्याला एआय पण नको आणि दोन वर्षांची इन्व्हेंटरी पण नको. दोन्हीकडे एकच साइट आयडी असला तरी पुरे! आत्ता त्यांचा आयडी वेगळा, आमचा वेगळा, आणि दोन्हींची जोडी लावलेली एक्सेल शीट कोणाच्या तरी लॅपटॉपवर.

टोरांटोकर

इन्व्हेंटरी की ऑटोमेशन, तुम्ही दोघंही चुकीच्या जागी भांडताय असं मला वाटतं. ८ जुलै २०२२ ला इथे कॅनडात रॉजर्स ह्या टेलिकॉम कंपनीचं अख्खं नेटवर्क पडलं. मोबाइल, घरचं इंटरनेट, दुकानातलं डेबिट कार्ड, बऱ्याच जणांचा ९११ हा आपत्कालीन नंबर सुद्धा. १.२ कोटीच्या वर ग्राहक.

पुढे नियामकासाठी झालेल्या तपासाचा अहवाल वाचण्यासारखा आहे. कोअर नेटवर्क, म्हणजे सगळ्या नेटवर्कचा मध्यवर्ती भाग, सात टप्प्यांत सुधारायचं होतं, सहाव्या टप्प्यात हे घडलं. राउटरवरचा फिल्टर काढला गेला, रूटिंगच्या माहितीचा लोंढा कोअरवर आदळला आणि कोअर राउटर बसले. ह्या कामाला आधी 'जास्त जोखीम' असा शिक्का होता. आधीचे टप्पे सुरळीत गेले म्हणून जोखीम मोजणाऱ्या पद्धतीने पुढच्यांची जोखीम 'कमी' करून टाकली. म्हणजे वरून तपासणी कमी, मंजुरी सोपी.

आणि कळस म्हणजे, नेटवर्क दुरुस्त करायला ज्या मॅनेजमेंट नेटवर्कमधून आत शिरायचं, ते त्याच पडलेल्या कोअरवर अवलंबून होतं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. ओएसएस कितीही हुशार असो, उपकरणापर्यंत पोचायची वेगळी वाट नसेल तर ते बघत बसतं. माझ्या मते पहिला पैसा त्या वेगळ्या वाटेवर खर्च व्हावा.

यांगवाली

@टोरांटोकर, वेगळ्या वाटेबद्दल वादच नाही, ती हवीच. पण तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. फिल्टर काढल्यावर काय होईल हे बदल करण्याआधी प्रतिकृतीवर चालवून बघता येतं. माणूस मॉप (कामाच्या पायऱ्यांचा कागद) वाचून 'ठीक आहे' म्हणतो, यंत्र लाख रूट मोजून 'नाही' म्हणतं.

२२ फेब्रुवारी २०२४ चं अमेरिकेतल्या एटी अँड टीचं घ्या. रात्री पावणेतीनच्या सुमारास एका बदलात एक उपकरण चुकीच्या कॉन्फिगरेशनने नेटवर्कमध्ये आलं. तीन मिनिटांत नेटवर्कने स्वतःला वाचवायला सगळ्यांना बाहेर काढलं. तिथल्या नियामकाच्या, एफसीसीच्या, अहवालात १२.५ कोटी उपकरणं आणि ९.२ कोटींहून जास्त अडलेले कॉल असा आकडा आहे. बदल दोनेक तासांत मागे घेतला, पण सगळे फोन एकदम परत नोंदणीला आले आणि पूर्ववत व्हायला १२ तासांवर गेले. कंपनीच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याने तपासायला हवं होतं, ते झालं नाही. माणसावर सोडलेली पायरी घाईत गळते. ती सॉफ्टवेअरमध्ये अशी बसवा की तपासणीशिवाय बदल पुढे जाणारच नाही. ह्यासाठी डक्टचा नकाशा लागत नाही.

रूटकॉज

हे मान्य. पण जोखीम 'कमी' आहे हे रॉजर्समध्ये एका हिशेबानेच ठरवलं होतं, माणसाने नव्हे. तेव्हा यंत्र 'नाही' म्हणेलच ही खात्री तुम्ही कुठून आणली?

यांगवाली

त्या हिशेबाने नेटवर्क बघितलंच नव्हतं. मागचे टप्पे पास झाले, एवढंच मोजलं. मी बदलाचा परिणाम तपासण्याबद्दल बोलतेय. ह्या दोन गोष्टी एकत्र करू नका प्लीज.

कोरडा हिशेब

तुम्ही सगळे इंजिनिअर आहात, म्हणून बोर्डाला हे पैसे का द्यावेसे वाटतील हे कोणीच विचारत नाही. जोवर ग्राहक 'नेटवर्क गेलंय' म्हणून चार शिव्या देऊन गप्प बसतो, तोवर इन्व्हेंटरी साफ करण्यातून कंपनीच्या ताळेबंदात काही दिसत नाही.

थोडा बदल झालाय तो आपला टेलिकॉम नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे. जिल्हा पातळीवर चार तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर २४ तासांत कळवायचं, आणि २४ तासांच्या वर गेली तर ग्राहकाला भरपाई. आता कुठल्या टॉवरचा कुठल्या जिल्ह्यात परिणाम झाला आणि तिथले ग्राहक कोण, हे सांगायला बिलिंग आणि नेटवर्क ही दोन वेगळी जगं जोडावीच लागतात. जिल्ह्याच्या सीमेवरच्या टॉवरचं तर विचारूच नका. अहवाल चुकला तर मान कापली जाणार, म्हणून हे काम होईल. 'उत्तम अभियांत्रिकी' म्हणून कधीच झालं नसतं. दंड वाढवा, सॉफ्टवेअर आपोआप सुधारेल.

नॉकची रात्रपाळी

दंड वाढला की आमच्याकडे सॉफ्टवेअर सुधारत नाही, बिघाडाचं टिकीट बंद करायचा वेग सुधारतो. तीन तास पन्नास मिनिटांनी सेवा 'तात्पुरती पूर्ववत' झालेली तुम्ही पाहिली नसेल, मी पाहिलीय.

खड्डाखबर

मूळ मुद्द्यावर येतो. ड्रॉइंग अपडेट करायचे पैसे कोण देणार? कंत्राटदाराला स्प्लाइसचे (जोडाचे) मिळतात, मीटरचे मिळतात. कुठे जोड मारला, किती केबल गुंडाळली हे लिहायचा एक रुपया नाही. पाऊस पडतोय, लिंक आली, पोरं गाडीत बसली. कोण लिहिणार?

रूटकॉज

बिल अडवायचं. दुरुस्तीची नोंद चढली नाही तर पैसे नाहीत.

खड्डाखबर

मग मागच्या महिन्याचे फोटो परत चढतील.

यांगवाली

फोटो मागूच नका. दुरुस्तीनंतरची ओटीडीआरची ट्रेस फाइल मागा. सिस्टिम त्यातली लांबी आणि जोडांच्या जागा ड्रॉइंगशी ताडेल, जुळलं नाही तर तिथेच विचारेल. जुनी फाइल परत चढवली तर लगेच पकडली जाईल, नवा जोड तिच्यात दिसणारच नाही. (आणि हो रूटकॉज, इन्व्हेंटरी अशीच सुधारते, रोजच्या कामातून. दोन वर्षांच्या स्वच्छता मोहिमेतून नाही.)

खड्डाखबर

ट्रेस द्यायला आमची हरकत नाही, ताई. पण तीन गाड्यांमध्ये मिळून एकच ओटीडीआर आहे. बाकीचे काचेत लाल लाइट मारून काम भागवतात. तुमच्या सिस्टिमच्या बजेटमध्ये आधी दोन मशीन टाका, मग फाइल मागा.