मदत हवी आहे: नवं १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड बसवल्यापासून गेटवे पॅनिक होतोय (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दगावून मशीन बंद पडतं). दोष कार्डाचा की माझ्या मॉड्यूलचा?

मंडळी, दोन रात्री जागून काढल्या, आता डोकं चालेनासं झालंय.

उबुंटू २२.०४, कर्नल ५.१५. मशीन गेटवे म्हणून चालतं, म्हणजे एका नेटवर्कची पॅकेटं दुसऱ्याकडे पोचवतं. त्यावर मी लिहिलेलं छोटं नेटफिल्टर (कर्नलची पॅकेट चाळायची सोय) मॉड्यूल आहे. फॉरवर्ड हुकवर (पुढे जाणारी पॅकेटं जिथे हाती लागतात तिथे) यूडीपी पॅकेटचे पहिले हजार बाइट चाळायचे, व्हिडिओ कॉलची खूण सापडली की आयपी हेडरच्या टीओएस बाइटमध्ये (पॅकेटला किती प्राधान्य द्यायचं ते सांगणारा) ०एक्सबी८ लिहायचं (डीएससीपी, म्हणजे प्राधान्याचा आकडा, ४६) आणि चेकसम (हेडर बिघडलं नाही ना ते तपासायचा आकडा) नव्याने काढायचा. बस.

जुन्या कार्डावर वर्षभर बिनतक्रार चाललं. नव्यावर दिवसातून एखादा पेज फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या पत्त्यावर जाणं) आणि थेट पॅनिक. कॉल ट्रेस (मरताना कुठली फंक्शनं चालू होती ती यादी) दर वेळी निराळा: एकदा फाइल सिस्टिमचा, एकदा सॉकेटचा. माझ्या फंक्शनचं नाव कुठेच नाही! रॅमची चाचणी रात्रभर चालवली, स्वच्छ. कार्ड परत करू का?

प्रतिसाद १: थांबा, कार्ड परत करू नका. दर वेळी वेगळ्या जागी मरतंय म्हणजे मेमरी कुणीतरी आधीच बिघडवून ठेवतंय आणि ट्रेसमध्ये दिसतो तो बिचारा बळी. कर्नल पुन्हा बांधायची गरज नाही, बूट ओळीत ‘एसएलयूबी_डीबग=एफझेडपीयू’ घाला, म्हणजे कर्नलचा मेमरी वाटप करणारा भाग पहारा देतो. मोकळ्या केलेल्या मेमरीत तो ६बी हा बाइट भरून ठेवतो. नंतर तिथे कुणी लिहिलं की बोंब मारतो. आणि एक सांगा, कॉलची पॅकेटं बाहेर पडताना टीओएस खरंच बदललेला असतो का?

धागाकर्ता: टीओएसचं ऐकून टीसीपीडम्प (जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला आणि गार पडलो. बाहेर शून्यच जातंय! डीबग लावल्यावर दहा मिनिटांत ‘पॉइझन ओव्हररिटन’ (मोकळ्या मेमरीत कुणीतरी लिहिलं) आलं, केमॅलॉक-१के मध्ये, म्हणजे एक केबीच्या तुकड्यांच्या साठ्यात. पहिला बाइट ६बीऐवजी बी८.

प्रतिसाद १: बी८ म्हणजे तुमचीच सही. कोड टाका.

धागाकर्ता: क्रम असा. आधी आयपी_एचडीआर() ने पॉइंटर (आयपी हेडरचा मेमरीतला पत्ता) घेतो, मग पीएसकेबी_मे_पुल() (हवे तेवढे बाइट सलग जागेत ओढणारं फंक्शन), मग खूण शोधतो, सापडली की त्या पॉइंटरमधून टीओएस लिहितो.

प्रतिसाद २: सापडलं. जुनं कार्ड अख्खं पॅकेट सलग जागेत देत असणार, त्यामुळे पुलला करायला काही उरत नव्हतं. नव्याचा ड्रायव्हर फक्त हेडर सलग ठेवतो, बाकी पानांच्या तुकड्यांत. हजार बाइट ओढायला शेपटाकडे जागा पुरत नाही, म्हणून कर्नल नवा बफर घेतो, हेडर तिकडे उतरवतो आणि जुना मोकळा करतो. तुमचा पॉइंटर जुन्याच घरात राहिला. त्या जागेत तोवर कुणी नवीन भाडेकरू आला असेल तर तुमचे तीन बाइट त्याच्या डोक्यात.

पुल झाल्यावर पॉइंटर पुन्हा घ्या. शिवाय लिहिण्याआधी एसकेबी_एन्शुअर_रायटेबल() (तिथे बिनधोक लिहिता येईल याची खात्री करणारं) हवंच, कारण तोच डेटा एखाद्या क्लोनकडेही (डेटा वाटून घेणाऱ्या प्रतीकडे) असू शकतो. तेही बफर हलवू शकतं, म्हणजे त्यानंतर पुन्हा एकदा आयपी_एचडीआर(). टीओएस आणि चेकसम हाताने करत बसू नका, आयपीव्ही४_चेंज_डीएसफील्ड() दोन्ही सांभाळतं.

धागाकर्ता: बदललं. डीबग चालू ठेवून रात्रभर कॉल केले, लॉग शांत, बाहेर बी८ दिसतंय. कार्डाचा खोका मात्र मी भरून टेप लावून ठेवला होता, तो आता उघडतो.