सॉफ्ट प्लास्टिकची आमिषे लवकर फाटतात, काय करावे?

प्रश्न: रेवदंड्याच्या खाडीत जिताडा मासा पकडण्यासाठी मी सॉफ्ट प्लास्टिकची आमिषे वापरतो, परंतु केंड मासे (अंग फुगवणारे, चोचीसारख्या दातांचे) त्यांच्या शेपट्या कुरतडतात आणि दोन-चार फेकींतच आमिष जिग हेडवरून (शिशासारखे वजन बसवलेल्या गळावरून) घसरते. ती अधिक काळ कशी टिकवावीत?

उत्तर १: जिग हेडच्या मानेला फेविक्विकचा एकच थेंब लावून आमिष वर सरकवावे आणि अर्धा मिनिट दाबून धरावे. फाटलेल्या कडा तापवलेल्या सुरीच्या पात्याने वितळवून जोडता येतात, मात्र धूर वाईट असल्याने हे काम उघड्यावरच करावे. केंडांवर उपाय नाही, जागा बदलावी.

उत्तर २: आमिषे मूळ पाकिटातच, सावलीत ठेवावीत. मी एकदा पीव्हीसीची आणि टीपीईची (रबरासारख्या लवचीक, वेगळ्या प्लास्टिकची) आमिषे एकाच डब्यात ठेवली, तेव्हा ती विरघळून एकमेकांना चिकटली. वाकलेली शेपटी गरम पाण्यात काही सेकंद बुडवून, सरळ करून लगेच गार पाण्यात सोडावी.