फ्लॉपीशिवाय सीडी दिसायचीच नाही
भावा, जुन्या पीसीवर विंडोज ९८ टाकताना सीडी असून फ्लॉपी कशाला म्हणून विचारलंयस, तर आधीच्या विंडोज ९५ ची सीडी बूटच व्हायची नाही, म्हणजे तिच्यावरनं पीसी चालूच व्हायचा नाही, आधी फ्लॉपीवरनं डॉस (कमांड टाइप करून चालवायची जुनी सिस्टीम) चढवायचं, सीडीरॉमचा ड्रायव्हर न् एमएससीडीईएक्स (डॉसला सीडी वाचता येईल असं करणारा प्रोग्राम) लोड करायचं, मग कुठं सीडी दिसायची. ९८ च्या स्टार्टअप डिस्कमध्ये ड्रायव्हर आयताच असतो, पण ती रॅमड्राइव्ह, म्हणजे मेमरीतच एक तात्पुरती ड्राइव्ह बनवते, ती डी हे अक्षर घेते म्हणून सीडी डी सोडून ई वर जाते, तिथंच निम्मी पोरं अडकायची. कोल्हापुरात राजारामपुरीत पीसी असेंबल करणारे एक दादा फॉरमॅट झालं की सीडीवरचं विन९८ फोल्डर (सेटअपच्या फाइली) आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून तिथनंच सेटअप चालवायचे, लई भारी सवय, नंतर प्रिंटर जोडला तरी सीडी मागत नाही. तू पण तसंच कर, फक्त फ्लॉपीवर स्मार्टड्राइव्ह (डिस्कचं काम मेमरीच्या मदतीनं जलद करणारा डॉसचा प्रोग्राम) टाकून ते आधी चालव, कॉपी लई फास्ट होते.