कंपन्यांच्या करटाळणीच्या युक्त्या एकट्या माणसाला वापरता येतात का?

प्रश्न
मोठ्या कंपन्या ट्रेडमार्क कमी कराच्या देशातल्या उपकंपनीच्या नावावर करतात आणि तिला रॉयल्टी देऊन इथला नफा आटवतात. घरून फ्रीलान्स काम करणाऱ्याने तशीच परदेशी कंपनी काढून बिलं तिच्या नावाने पाठवली, तर? कर चुकवायचा नाही, कायद्यात बसेल तेवढंच करायचं आहे.

प्रतिसाद १
कंपनी काढणं कायदेशीर आहे, पण कर बहुधा वाचणार नाही. नोंदणी कुठेही असो, निर्णय जिथून घेतले जातात तिथली ती रहिवासी, असं अनेक देशांचे कायदे धरतात. दर तुम्ही ठरवणार, करारावर सही तुमची, काम तुमच्याच टेबलावर. मग ती परदेशी उरलीच कुठे?

त्यातून सुटलात तरी पुढची चाळण आहेच. तुमच्या ताब्यातल्या परदेशी कंपनीचं ठरावीक प्रकारचं उत्पन्न, लाभांश वाटला नसला तरी, थेट तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. अमेरिकेने हा नियम १९६२ सालीच केला, पुढे बऱ्याच देशांनी तो उचलला.

आणि खरी मेख पैसे घरी आणण्यात आहे. १०० कमावले, तिथे ५ कर भरला, उरले ९५. ते लाभांश किंवा पगार म्हणून घेतले की नेहमीचा कर लागतो. मोठी कंपनी तो नफा वर्षानुवर्षं बाहेरच ठेवून त्यातून नवा कारखाना उभारते. माणसाला दर महिन्याला घरभाडं द्यायचं असतं. कंपनीच्या कार्डावर घरखर्च केला, तर तोही तुमचंच उत्पन्न ठरतो, वर दंड.

प्रतिसाद २
शिवाय लपत काहीच नाही. २०१७ पासून देशादेशांत बँकखात्यांची माहिती आपोआप जाऊ लागली. नुसती कागदावरची कंपनी असेल, तर तिच्यामागे कोण आहे हे बँकेला विचारावंच लागतं. बर्म्युडा, जर्सी, केमन अशा कमी कराच्या बेटांवर २०१९ पासून अनेक व्यवसायांना खरी माणसं, जागा आणि खर्च दाखवावा लागतो. हा खर्च एकट्याच्या कमाईतून निघत नाही.

कंपन्यांचीही वाट अरुंद झाली आहे. 'डबल आयरिश', म्हणजे दोन आयरिश कंपन्यांमार्फत नफा करमुक्त बेटांकडे वळवण्याची युक्ती, २०२० अखेर बंद झालं. आता ७५ कोटी युरो किंवा जास्त उलाढालीच्या आंतरराष्ट्रीय गटांना अनेक देशांत १५ टक्के किमान कर आहे.

प्रतिसाद ३
एक युक्ती मात्र माणसालाही लागू पडते: कर पुढे ढकलणं. १०० गुंतवले, वाढ ८ टक्के, कर २५ टक्के धरा. दरवर्षी कर भरला तर हाती ६ टक्के राहतात आणि २० वर्षांनी ३२१ होतात. विकतानाच एकदा कर भरला तर ४६६ मधून ९२ जाऊन ३७५ उरतात. ५४ चा फरक, तोही कुठलीही कंपनी न काढता. म्हणून आधी पेन्शन खातं पूर्ण भरा, आणि वाढीवर विक्रीच्या वेळीच कर लागेल अशी गुंतवणूक निवडून ती उगाच मोडू नका.

फ्रीलान्सरने खर्चाची वजावटही सोडू नये. मात्र घरचा आणि धंद्याचा खर्च एकाच खात्यातून गेला, की तपासणीत कुठलं बिल कशाचं हे सिद्ध करता येत नाही आणि रास्त वजावटही हातची जाते. खातं वेगळं ठेवा, बिल त्याच दिवशी नोंदवा.