पॉवर सप्लाय : मानांकनापलीकडे काय पाहावे?

संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय निवडताना ‘गोल्ड मानांकन असलेला घ्या, बाकी काही पाहू नका’ असा सल्ला दिला जातो; त्यात भर घालणे मला आवश्यक वाटते. ‘गोल्ड’ ही ‘८० प्लस’ या मानांकनाची एक श्रेणी आहे आणि हे मानांकन मुख्यतः कार्यक्षमता, म्हणजे खेचलेल्या विजेपैकी किती वीज संगणकाला मिळते, एवढेच मोजते. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डला वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या वाहिनीवरील रिपल (व्होल्टेजमधील बारीक चढउतार) १२० मिलिव्होल्टच्या मर्यादेत राहतो का, किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास संरक्षण वेळेवर काम करते का, हे त्यातून कळत नाही. आणि मदरबोर्ड व ग्राफिक्स कार्ड यांचे आयुष्य तर याच गोष्टींवर अवलंबून असते.

बचतीचा हिशेबही करून पाहावा. २०० वॉटच्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय सुमारे २३५ वॉट खेचतो, तर ९० टक्क्यांचा सुमारे २२२. रोज पाच तास वापर धरला, तर वर्षाला जेमतेम २४ युनिट वाचतात. तेवढ्यासाठी दोन-तीन हजार रुपये जास्त मोजणे मला पटत नाही; ते पैसे चांगल्या अंतर्गत रचनेसाठी आणि दीर्घ वॉरंटीसाठी मोजावेत.

स्वस्त सप्लायच्या बाबतीत लेबल नीट वाचावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. खोक्यावर ४५० वॉट छापलेले असते, पण १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलेले असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून २१६ वॉटच उपलब्ध होतात. शिवाय आतले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले आहेत की ८५ अंशांपर्यंतच्या, हेही विचारावे, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात कॅबिनेटच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते.